मामाची वाटी

प्रिय अंजनीआजी,

दीक्षितपुऱ्यातलं घर आवरताना बाबांची लहानपणची चांदीची वाटी सापडली. काळी पडली होती. घासली तर कोरलेली अक्षरं वर आली: 'चि. अंबादासच्या उष्टावणाला, मामा बापूसाहेब यांजकडून.'

बापूसाहेब तर माझे आजोबा, बाबांचे वडील. ते बाबांचे मामा कसे? त्यांना बहीण एकच, तुम्ही.

बाबा अजून तुम्हाला आत्या म्हणतात. तुम्ही काहून कधी बोलल्या नाहीत?

आत्ता ते विचारून राहिले, वाटीवर काय लिहिलंय म्हणून. चष्मा शोधून राहिले. मी अक्षरांवर अंगठा ठेवून बसली आहे.

पत्राखालचे जे दोन शब्द आजवर सहज लिहीत आले, ते लिहिताना आज हात थांबला.

तुमची नात,
चिन्मयी