एक्झॉस्ट पाइप ओके आहे

३ मार्च, सोमवार
कर्नाटकातल्या कडकोळला, या हॉटेलच्या किचनमध्ये मेंटेनन्स सुपरवायझर होऊन आज सहा महिने. सांगलीहून आलो तो इथे शिस्त लावायलाच. चिकन तळायचे चार प्रेशर फ्रायर आहेत. त्यांचे वाफेचे पाइप दर महिन्याला स्वतः उघडून तपासायचे ठरवलं. उद्यापासून.
फ्रायरवरची वनजा म्हणाली, तीन नंबरची वाफ लवकर जात नाही सर, पाइप तुंबलाय, नोडी. म्हणजे बघा. म्हणे इथल्या जुन्या मराठी घरातली. मराठी अर्धीच, बाकी कानडी. सल्ले मात्र पूर्ण.

५ मार्च
तपासणी नाही. पाठ धरली आहे.
वनजाचं पुन्हा तेच. बारा वर्षं तळून बाई इंजिनिअर झाली. डिप्लोमा माझा आहे. प्रेशरचा काटा खराब आहे, पाइप नव्हे, असं तिला सर्वांसमोर सुनावलं. ती पुढचा घाणा तळायला लागली. हाही तिचा डाव आहे.

७ मार्च, संध्याकाळी ६
चेकलिस्टवर चारही फ्रायरपुढे 'ओके' लिहून सही केली. पाइप बाहेरून पाहिले, चकचकीत आहेत. अनुभव असला की आतलं बाहेरून कळतं.

१० मार्च
मला न विचारता वनजाने तीन नंबर बंद ठेवला. तिला माझी खुर्ची हवी आहे, आता स्पष्ट झालं. उद्या तिच्यासमोरच चालवून दाखवतो.

११ मार्च, सकाळी ११.२०
चालवला. टायमर वाजला. वाफ सुटून काटा शून्यावर यायला हवा होता. येईना. काटाच खराब, म्हणत मी झाकणाच्या दांड्याला हात घातला. वनजाने माझं मनगट धरलं. म्हणाली, बेडा सर, नको, आत प्रेशर आहे. धरलं ते सोडेचना. मग तिने गॅस बंद केला आणि सगळ्यांना बाहेर काढलं. मलाही. मी निघतच होतो.

दुपारी ३
फ्रायर निवल्यावर तिने पाइप सोडवला. आत काळा चिकट थर, मधे पेन्सिल जाईल एवढं भोक. झाकण उघडलं असतं तर उकळतं तेल तोंडावर आलं असतं. हे कोणी बोललं नाही. बोललं असतं तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं.
 

१२ मार्च
मालक मनोहरराव आले. वनजा तक्रार करणार म्हणून मी उत्तराचे चार मुद्दे पाठ करून ठेवले होते. तिने एवढंच सांगितलं की पाइप तुंबला होता, साफ केला. माझं नावसुद्धा घेतलं नाही. चारही मुद्दे वाया गेले.
मनोहररावांनी भिंतीवरची चेकलिस्ट वाचली. सही कोणाची, हे त्यांनी विचारलं नाही. तपासणी वनजाकडे दिली, आणि मला पंधरा दिवस तिच्याकडे शिकायला.
संध्याकाळी तिने मला एक नंबरचा पाइप उघडायला सांगितलं आणि हातात पाना दिला. कुठल्या बाजूला फिरवायचा, ते विचारावं लागलं.