लिसिप्पी होडीत बसली नाही

आईच्या पायांवर दामोनचं डोकं.

अथेन्सची शाळा अर्ध्यावर सोडून मी इलिऑनला आलोय. रागावू नकोस. तब्येत बरी आहे, भाकरी-मासे पोटभर मिळतात. आपल्या धाकट्या मिर्तोचा खोकला थांबला का?

आपल्या गावची लिसिप्पी भेटली. आपल्या लोक्रियांच्या पूर्वजाचं पाप फेडायला नावाची चिठ्ठी निघालेली मुलगी इथल्या अथेनेच्या देवळात जन्मभर झाडलोट करते, हे आपण ऐकत आलो. मी आता डोळ्यांनी पाहिलं. तिचे केस कापलेत, पायांना भेगा पडल्यात.

मी तिचा हात धरला. म्हटलं, "चल, होडी तयार आहे."

"तुझं डोकं अजून तापलेल्या तव्यासारखंच आहे," ती म्हणाली. "मी पळाले तर गावात पुन्हा चिठ्ठ्या टाकतील. मिर्तो यंदा वयात आली ना रे?"

माझ्या डोळ्यांसमोर मिर्तो अजून परकरातलीच होती.

मी होडी परत पाठवली. बंदरावर दोर वळायचं काम धरलंय.

आई, मिर्तोचं लग्न लवकर उरक. लग्न झालेलीची चिठ्ठी टाकत नाहीत. लग्न झाल्याचं कळलं की मी पुन्हा होडी ठरवीन. पण तेव्हा लिसिप्पी दुसऱ्या कुणाच्या बहिणीचं नाव घेईल, याचंच भय वाटतं.

सांभाळून राहा.

तुझा दामोन