दहा किलोला एक गोळी

तळोदा, ३ सप्टेंबर १९६७
मुंबईच्या कॉम्प्युटरसाठी पाठवलेला प्रोग्रॅम पहिल्याच फटक्यात चालला! मीच घाबरले. उन्हाळ्यात पंधरा दिवस फोरट्रान ही यंत्राची भाषा शिकले काय, नि आमच्या दवाखान्याच्या डॉक्टरसाहेबांनी डोंगरातल्या दहा किलोंपुढच्या दोन हजार पोरांच्या तापाच्या गोळ्यांचं गणित माझ्या गळ्यात मारलं. शिकवणारे म्हणाले होते, पूर्वी यंत्राशी त्याच्याच आकड्यांत बोलावं लागे, महिने जात. "आता शाळेतलं समीकरण लिहा, झालं!" मी लिहिलं — वजन भागिले दहा. वीस ओळी, एका दुपारी. इतकं सोपं काही बरोबर असतं का?

६ सप्टेंबर
छापील यादीप्रमाणे प्रत्येक पोराची पुडी बांधली. ड्रायव्हर आमशा जीप घेऊन वर डोंगरात गेला.

१० सप्टेंबर
आमच्या नर्स रुक्मिणीबाई खूश. "ताई, दोन डबा उरी गयात! तुन्हं मशीन भलतं हुशार शे."
गोळ्या उरल्या? डॉक्टरसाहेबांनी तर बेताच्याच मागवल्या होत्या.
यादी काढली. पंधरा किलो — एक गोळी. एकोणीस किलो — एकच! अर्धी कुठेच नाही. दशांश चिन्ह न देता आकडे भागले, की ती भाषा उरलेला भाग टाकून देते. वहीत आहे, माझ्याच अक्षरात. चुकलं तर यंत्र अडेल, या भरवशावर राहिले. ते गपचूप छापत गेलं. एक ओळ तरी हाताने करून पाहायची होती!

११ सप्टेंबर
सांगून टाकलं. डॉक्टरसाहेब ओरडले नाहीत, त्याचीच जास्त भीती वाटली. "आधी नव्या पुड्या. मग मुंबईला पत्र." दिवसभर हातानेच गणितं केली. संध्याकाळी चूक कळवणारं पत्र टाकलं.

१२ सप्टेंबर
पुड्या न्यायला आमशा आला. "ताप परत उना, ताई. फुलवंताबाईनी पोर डोळा उघडत नही." यादीत पाहिलं — एकोणीस किलो.
डॉक्टरसाहेब त्याच जीपने गेले. देवा, ती पोर वाचू दे!

१४ सप्टेंबर
उठून बसली म्हणे, पेज प्याली. न्हाणीत जाऊन रडले.

१५ सप्टेंबर
मुंबईचं पत्र. माझं पोचायच्या आधीच लिहिलेलं. "आपला प्रोग्रॅम नवशिक्यालाही कळेल इतका सुटसुटीत आहे. म्हणून त्यावरच आणखी सात दवाखान्यांच्या याद्या छापून गेल्या आठवड्यात रवाना केल्या."