डाव्या खांद्याची रायफल

मी, अरुणा रविकांत टिपणीस, वय चौसष्ट, राहणार कनाटा, ओटावा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या अकलेने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. शरीराचे तसे सांगता येत नाही, पण या कामाला डोकेच लागते असे वकीलबाईंनी सांगितले. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. एक दडपण गेल्या रविवारी घरी येऊन चहा पिऊन गेले, त्याचे नाव पुढे येईलच. रविकांत गेले तेव्हा घाईघाईत केलेले मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात मी माझे धाकटे दीर नंदन टिपणीस यांचा उल्लेख 'विश्वासू' असा केला होता. तो शब्दही रद्द समजावा.

१. माझ्या पश्चात या सगळ्याची अंमलबजावणी माझी मैत्रीण उमा कर्णिक हिने करावी. बंदुकीच्या परवान्याचा कोर्स आम्ही दोघींनी एकाच बाकावर बसून केला. तिच्याकडे लायसन्स आहे, कुलपाचे कपाट आहे आणि समोरचा रडला तरी तिला पाझर फुटत नाही. शेवटच्या कारणासाठी तिची निवड केली आहे.

२. आम्हाला मूलबाळ नाही. राहता कॉन्डो विकून येईल ते आणि बँकेत असेल ते, ठाण्याला राहणारी माझी बहीण जयंती हिला द्यावे. ती माझ्याशी जन्मात कधी भांडली नाही, त्यामुळे तिच्याबद्दल लिहिण्यासारखे काही नाही.

३. लॅनार्कजवळची झाडीची जमीन रविकांतांनी घेतली आणि त्यांच्यामागे ती माझ्या नावावर झाली. तिथल्या केबिनमध्ये दर नोव्हेंबरला हरणांच्या शिकारीसाठी रविकांत, नंदनभावजी आणि महाराष्ट्र मंडळातली त्यांची मित्रमंडळी जमत असत. मी स्वयंपाकाला. पुरुष पहाटे जंगलात जात, मी कांदे चिरत असे. ते परत येऊन हरीण कसे हुकले याच्या गोष्टी सांगत आणि मी रस्सा वाढत असे. त्या केबिनमधले मोठे पातेले, दोन कढया, पळी, चिमटा आणि मसाल्याचा डबा मी नंदनभावजींना देत आहे. माझा मसाला कसा करतात हे त्यांनी कधी विचारले नाही, म्हणून सांगत नाही.

४. आता बंदुकांचे. यंदा वसंतात लांब बंदुकांची सरकारी नोंदणी रद्द झाली, त्यामुळे नोंदणीचे आकडे न देता खुणा सांगते.

रविकांतांची बारा बोअरची शॉटगन चांगली आहे. पण तिचा दस्ता माझ्या हाताला लांब पडतो आणि उडालेले काडतूस माझ्या तोंडावरून जाते. उमा उंच आहे. तिला ती बसेल, तिने घ्यावी.

दुसरी, थ्री हंड्रेड मॅग्नम रायफल. बोल्टजवळ, म्हणजे काडतूस आत ढकलायच्या दांड्याजवळ, कुंकवाच्या ओल्या बोटाने पडलेला गंजाचा डाग आहे, ही तिची खूण. ही रायफल मी विकत घेतली असली तरी निवडली नंदनभावजींनी. ते कसे घडले हे कोणी तरी लिहून ठेवायला हवे.

रविकांत गेल्यावर पुढच्याच वर्षी, २००५ मध्ये, मी कोर्स केला, परीक्षा दिली, लायसन्स आले. घरातले कर्ते पुरुष म्हणून नंदनभावजी मला दुकानात घेऊन गेले. मी जन्माने डावखुरी. पेणला लहानपणी आईने माझा डावा हात पदराने बांधून मला जेवायला बसवले होते, तेव्हापासून लिहिणे, जेवणे, वाढणे उजव्या हाताने. पण सुईत दोरा ओवायचा तर तो डावा डोळाच ओवतो. दुकानातल्या काउंटरवरच्या मुलीने मला पहिला प्रश्न विचारला तो हा, की माझा कोणता डोळा नेम धरतो. मी तोंड उघडायच्या आत भावजी म्हणाले, "शी इज राइट-हँडेड."

मग ते माझ्याकडे वळले. "वहिनी, फर्स्ट रायफल म्हणजे वन टाइम इन्व्हेस्टमेंट. थ्री हंड्रेड मॅग्नम घ्या. उद्या मूसला गेलात तरी चालेल."

मूस म्हणजे घोड्याहून मोठे इथले रानटी जनावर. मला तो मारायचा नव्हता. मला एक हरीण हवे होते, आणि खांद्याला सोसेल एवढाच धक्का. पण नवरा जाऊन वर्षही झाले नव्हते आणि माझ्याऐवजी कोणी तरी बोलत आहे याचे मला तेव्हा बरेच वाटत होते. भावजींनी हे ओळखले होते आणि त्याचा पुरेपूर फायदा घेतला.

टिपणिसांकडे खंडेनवमीला शस्त्रे पुजतात. इथे तलवार नाही, म्हणून बंदुका रिकाम्या करून पाटावर मांडतात. त्या वर्षी भावजींनी माझ्या नव्या रायफलीला कुंकू वाहिले, अक्षता टाकल्या आणि उचला म्हणाले. मी उचलली आणि ती आपोआप डाव्या खांद्याला लागली. तिथे ती अशी बसली, की मला हसू आले. भावजींनी माझा हात धरून खाली केला.

"वहिनी, पूजेतलं शस्त्र डाव्या हातात घेतात का? राइट शोल्डर. प्रॅक्टिसने सगळं जमतं."

माणसे जमली होती. मी उजव्या खांद्याला लावली.

५. त्या नोव्हेंबरला दलदलीच्या कडेला, देवदारांमधून, एक नर हरीण माझ्यासमोर आले. रायफल उजव्या खांद्याला आणि दिसते डाव्या डोळ्याने, म्हणून मी मान वाकडी करून डावा डोळा रायफलीवरच्या दुर्बिणीला नेला. त्यात तोंड नको तितके पुढे गेले. धक्का बसला तशी दुर्बिणीची कड भुवईत घुसली आणि गोळी हरणाच्या पोटात लागली. छातीत लागली असती तर ते तिथेच पडले असते.

पोटात गोळी लागलेले जनावर लवकर मरत नाही. थांबून, धीराने, त्याचा माग काढावा लागतो. हे कोर्समध्ये शिकवतात आणि भावजींना ते माझ्यापेक्षा जास्त वर्षे ठाऊक होते. पानांवर काळपट रक्त दिसत होते. माझ्या डोळ्यात माझे रक्त येत होते, तरी मी चालत होते. थोडे पुढे गेल्यावर भावजींनी घड्याळ पाहिले.

"वहिनी, आता बास. जेवून घेऊ. मॅच पण आहे. उद्या बघू."

"भावजी, ते जिवंत आहे."

"एक हरीण गेलं तर गेलं हो. जंगल भरलंय."

मंडळी त्यांच्या मागून वळली. रविकांत असते तर वळले नसते. भावजींनी मला दंडाला धरून केबिनवर नेले, भुवईला पट्टी लावली आणि रस्सा गरम करायला सांगितले. दुसऱ्या दिवशी बर्फ पडला. माग बुजला. मी एकटीने शोधले तेव्हा ते बीव्हरांच्या तळ्यापलीकडे सापडले. बरेच चालले होते बिचारे. कायोटींनी, म्हणजे इथल्या कोल्ह्यांनी, ते खायला सुरुवात केली तेव्हा ते मेलेले होते की नाही, हे मला कळायला मार्ग नाही. मी आजही या गोष्टीचा विचार करते आणि प्रत्येक वेळी मला नंदन टिपणीस यांचा तेवढाच राग येतो. राग कमी होईल असे लोक म्हणाले. झालेला नाही.

६. पुढच्या संक्रांतीला मंडळाच्या कार्यक्रमात भावजींनी माझी नक्कल केली. साडी नेसले, भुवईला चिकटपट्टी लावली आणि पळी खांद्याला लावून म्हणाले, "हरणा, जरा थांब रे, कुकर लावून येते." सभागृह हसून लोळले. मी पहिल्या रांगेत होते. नंतर त्यांनी मला तिळगूळ दिला आणि गोड बोला म्हणाले. तेव्हापासून मी त्यांच्याशी गोडच बोलत आले आहे.

ते आता बंद. येत्या संक्रांतीला मी नसेनच असे डॉक्टर धरून चालले आहेत, म्हणून उमाने त्याच मंचावरून या मृत्युपत्राचे चौथे, पाचवे आणि हे सहावे कलम मोठ्याने वाचावे. त्या दिवशी भावजी आजारी पडले तर पुढच्या कार्यक्रमात वाचावे, आणि तेव्हाही पडले तर त्याच्या पुढच्या. मंडळाने वेळ दिला नाही तर मंडळाला माझ्या दोनशे स्टीलच्या वाट्या मिळणार नाहीत.

मॅग्नम रायफल पोलिसांकडे नष्ट करायला द्यावी. विकू नये. ती दुसऱ्या कुठल्या नवशिक्या बाईच्या गळ्यात पडायला नको. दुर्बीण मात्र आधी काढून ठेवावी आणि नंदनभावजींना द्यावी.

७. माझ्या स्वतःच्या दोन बंदुका. त्या संक्रांतीनंतर उमाने मला तिच्या स्वयंपाकघरात उभे केले आणि म्हणाली, "अगं, हात लांब कर, दोन्ही तळव्यांचा त्रिकोण कर, त्यातून ते घड्याळ बघ. आता एकेक डोळा मीट." उजवा मिटला तरी घड्याळ जागेवर राहिले. डावा मिटला तेव्हा पळाले. म्हणजे माझा नेमाचा डोळा डावा. एवढी साधी गोष्ट. मी त्याच दुकानात गेले, काउंटरवर तीच मुलगी होती, आणि या वेळी उत्तर मी दिले.

वीस बोअरची पंप शॉटगन घेतली. आखूड दस्त्याची, काडतूस खालून पडणारी, सेफ्टीचा खटका वरच्या बाजूला, म्हणजे हात कोणताही असो, अडत नाही. रायफल डाव्या बोल्टची, मध्यम ताकदीची, हरणाला पुरेशी. ती मागवावी लागली आणि येईपर्यंत उन्हाळा गेला. तोवर मी उमाच्या पॉइंट टू-टू या हलक्या रायफलीने कागदावर नेम धरत राहिले. पुढच्या नोव्हेंबरला हरीण एका गोळीत जागेवर पडले. भावजी म्हणाले, "नशीब हो वहिनी." ते मांस त्यांनी दोनदा वाढून घेतले.

गेल्या रविवारी भावजी आले, बरोबर त्यांची मुलगी अस्मिता. चहा घेता घेता म्हणाले, "वहिनी, ती थ्री हंड्रेड लॉकरमध्ये पडूनच आहे ना? अस्मिताला द्या. तिचं लायसन्स आलंय. फर्स्ट गन घरातलीच असावी."

अस्मिता बावीस वर्षांची आहे, हुशार आहे, पण बापासमोर तिचा आवाज उतरतो. ती म्हणाली, "काकू, आय रिअली डोंट नो मच. बाबा सेज इट्स अ गुड वन."

मी तिला विचारले, "तुझा नेमाचा डोळा कुठला गं?"

ती विचार करू लागली. तेवढ्यात भावजी म्हणाले, "राइट-हँडेड आहे हो ती."

त्या वाक्यामुळे मी हे मृत्युपत्र लिहायला बसले.

माझी शॉटगन आणि माझी रायफल मी अस्मिताला देत आहे. त्याआधी उमाने तिची त्रिकोणाची चाचणी घ्यावी, बापाला बाहेर बसवून. तिचा डोळा उजवा निघाला तर माझी रायफल खुशाल विकावी, शॉटगनही तिला जुळत नसेल तर विकावी, आणि आलेल्या पैशात तिला बसेल तेच घ्यावे. मला त्याचे वाईट वाटेल, पण तिच्या गळ्यात माझी निवड बांधली तर माझ्यात आणि नंदनभावजींत फरक तो काय.

अस्मिता, दुकानात जाशील तेव्हा हिवाळ्याचा जाड कोट घालून जा, कारण शिकार कोटातच करायची असते आणि दस्त्याची लांबी कोटावरच मोजावी. डोळे मिटून बंदूक खांद्याला लाव आणि मग उघड. नळीवरून सरळ समोर दिसले तर ती तुझी. मान वाकडी करावी लागली तर ठेवून दे, विकणारा कितीही छान बोलत असला तरी. पहिली रायफल एवढीच जोरकस असावी की ती उडवायची तुला भीती वाटणार नाही. भीती वाटली की डोळा मिटतो, आणि पुढचे मी पाचव्या कलमात लिहिले आहे. कोणी तुझ्या वतीने उत्तर दिले तर दुकानाबाहेर ये. दुसऱ्या दिवशी एकटी जा.

८. लॅनार्कची जमीन केबिनसह मी अस्मिताला देत आहे. जमीन घरातच राहावी असे नंदनभावजी मला अनेकदा म्हणाले आहेत. ती घरातच राहील.

९. जमिनीबरोबर एकच अट येते. त्या झाडीत कोणाच्याही गोळीने जनावर जखमी झाले, तर ते सापडेपर्यंत किंवा अंधार पडेपर्यंत सर्वांनी शोधायचे, आणि दुसऱ्या दिवशी उजाडताच पुन्हा. जेवण, पाऊस, बर्फ, मॅच, काहीही आड येणार नाही. रक्ताचा माग सोडून जो केबिनकडे वळेल, त्याला त्या जमिनीवर पुन्हा कधीही शिकार करता येणार नाही, मग तो मालकिणीचा कोणीही लागत असो. अस्मिताने ही अट पाळली नाही तर जमीन उमाकडे जाईल. अट पुढच्या काळापुरतीच असावी असे वकीलबाई सुचवत होत्या. मी नको म्हटले. ही अट नोव्हेंबर २००५ पासून लागू आहे.

वरील सर्व मजकूर मी वाचला, समजला, आणि एकही ओळ सौम्य केलेली नाही.

अरुणा रविकांत टिपणीस
(सही)

आम्हा दोघांसमोर अरुणाबाईंनी सही केली आणि त्यांच्यासमोर आम्ही. आम्हाला यातून काहीही मिळायचे नाही.

साक्षीदार: नीरजा सुळे, शेजारीण (सही)
साक्षीदार: ग्लेन मॅकऑली, वरच्या मजल्यावर राहणारे. मजकूर इंग्रजीत समजावून सांगितला. (सही)

कनाटा, ओटावा
मंगळवार, २३ ऑक्टोबर २०१२, खंडेनवमी