उन्हातली धुई

८ डिसेंबर

आज नर्स म्हणून रुजू झाले. मुरुमहून वडापच्या जीपनं आले. ड्रायव्हरनं माझी ट्रंक थेट आरोग्य उपकेंद्राच्या ओट्यावर आणून ठेवली. अंबाजोगाईहून निघताना आई रडली, पण मला गाव आवडलं. समोर पाण्याची टाकी, खाली नळ, बायकांचा गलका. मागची खोली माझी.

शेजारच्या चन्नम्मामावशी कडक भाकरी आणि शेंगाचटणी घेऊन आल्या. अर्धं कानडी, अर्धं मराठी. ‘ऊटा आयता?’ म्हणजे जेवण झालं का आणि ‘तंगी’ म्हणजे धाकटी बहीण, हे आज शिकले. नळाचं पाणी लई खारं, रेवणप्पांचा फिल्टरचा जार लाव, म्हणाल्या. रेवणप्पा इथले उपसरपंच. जार त्यांनी स्वतःच आणून दिला. गोड बोलतात.

११ डिसेंबर

सकाळी गावच्या विहिरीकडं फिरून आले. ओढ्यावरच्या पुलाचा कठडा तुटलाय आणि खाली विहिरीपर्यंत ताजा मुरूम पसरलाय. मलमपट्टीच्या खोलीत येतो तसला वास. काठाला बेडूक उताणे पडलेले. धुणं धुणाऱ्या बाईला विचारलं, तर तिनं ओलंच धुणं गोळा केलं आणि निघून गेली.

रेवणप्पा म्हणाले, उसाचा ट्रॅक्टर उलटला होता.

उसानं बेडूक मरतात?

१३ डिसेंबर

ओसरी रुग्णांनी भरली. डोकेदुखी, उलट्या, पोटात कळा. आणि प्रत्येकाच्या तोंडी एकच: धुई लई पडली, समोरचं दिसंना. धुई म्हणजे धुकं. बाहेर तर डोळे दिपवणारं ऊन.

तालुक्याच्या डॉक्टरांना फोन केला. साथ असेल, पाण्याचा नमुना पाठवा, म्हणाले. मी सगळ्यांना बजावलं, नळाचं बंद, फक्त जारचं प्या. रेवणप्पांनी घरोघर जार फुकट पोचवले. त्यांचा हा चांगुलपणा मला का खुपतोय कळत नाही. मी विचारायच्या आतच त्यांनी दोनदा सांगितलं, ओढ्यात काही सांडलेलं नाही.

१४ डिसेंबर

त्यांच्या फिल्टरच्या शेडवर न सांगता गेले. मागून येणारा पाइप बघितला. तो विहिरीकडूनच येतो. जार भरणारा बिराप्पा म्हणाला, “व्हय मॅडम, दुसरी हीर हाय कुठं?”

मग खालच्या आवाजात बाकीचंही बोलला. स्पिरिटसारख्या रसायनाचा टँकर पुलावरून विहिरीत रिता झाला. कंपनीची माणसं जीप घेऊन आली, टँकर ओढून नेला. फिल्टरमधून सगळं साफ होतं, तोंड उघडू नका, असं रेवणप्पांना सांगून गेली.

मीठ निघतं त्यातून. हे निघत नाही. आणि लोकांना जारकडं मी पाठवलं. मीही तेच पितेय—

परत आले तर चन्नम्मामावशी दारात बसलेल्या. भरदुपारी म्हणाल्या, “दिवा लाव गं तंगी, अंधार पडला.”

१५ डिसेंबर, सकाळ

काल फोन लागलाच नाही, आज पहाटे लागला. डॉक्टरांना सगळं सांगितलं. १०८ च्या गाड्या निघाल्यात. रेवणप्पांना म्हटलं, विहिरीवरची मोटार बंद करा, पंपघराची किल्ली तुमच्याकडं आहे. हो म्हणाले. माझ्या डोळ्यांत न बघता.

घरोघर सांगत फिरले. अर्ध्या घरांनी दार उघडलं नाही. पोट दुखतंय. उजेड टोचतो.

दुपार

ओळी एकमेकींवर चढत असतील. गाडीतल्या माणसांनी आधी हे वाचावं— नळ आणि जार दोन्ही एकाच विहिरीचं— कुणाला काही पाजू नका—

दारात कोणीतरी आहे. भिंत चाचपत येतंय.

रेवणप्पा. नातीला घेऊन आलेत. पोर ओकतेय, ऐकू येतं. म्हणाले, “मॅडम, म्या बी तेच पाजलं हिला. साफ होतं म्हनले होते.” मला ते दिसत नाहीत. त्यांनाही मी दिसत नाही.

मोटारीचं विचारलं. लाईट नव्हती, म्हणाले. बंदच होती.

पण ऑटो स्विच? लाईट आली की मोटार आपोआप—



पंखा फिरायला लागला.

टाकीत पाणी पडतंय. खाली घागरी— बायका— किती जणी— मी हाका मारतेय, पाण्याच्या आवाजात—

दार कुठल्या बाजूला— सगळं पांढरं— पहिली घागर भर