चार नंबरची कळ

४ ऑगस्ट

चि. भोंग्यास,
अ. उ. आ.

डोकं फिरलेलं आहे, तेव्हा बसून वाच. फोन केला असता, पण फोनवर तू नुसते हुंकार भरतोस आणि लिफ्टच्या खड्ड्यात उतरलास की मी एकटीच बोलत राहते.

बदली झाल्यावर तू बँडमधली आपली जागा आणि ती बेस गिटार माझ्या गळ्यात घालून गेलास, त्याला दहा महिने झाले. आठवडाभर दुकानात चष्म्याची भिंगं घासायची आणि शनिवारी त्या चार जाड तारा. त्याची तक्रार नाही. बोटांना घट्टे पडले, पण हौस काही फिटलेली नाही. तक्रार ही, की मी वाजवते ते कुणाला ऐकूच जात नाही! म्हणजे खाली घुमणारा आवाज येतो म्हणे सगळ्यांना, पण मी कितीही जीव ओतला तरी तो तसाच, सपाट. मी घरी बसून बसवलेली एखादी हरकत घेते, ती माझ्या पायाशी ठेवलेल्या छोट्या स्पीकरमधून मला स्वच्छ ऐकू येते, आणि समोर बसलेल्याला तिचा पत्ता नाही.

परवा वाचनालयाच्या कार्यक्रमाला हे पहिल्या रांगेत होते. घरी आल्यावर सांगू लागले की माझी बोटं थांबली तरी आवाज चालूच राहतो. तालाशी यांचा जन्मात संबंध नाही, म्हणून मी झाडलं त्यांना. पण तेव्हापासून मनात खुटखुटतंय.

तू सांगितलंस तारा बदल, बदलल्या. सांगितलंस पायाने दाबायची ती निळी पेटी घे, घेतली. सांगितलंस पट्टा आखूड कर. आता मी तान्हं मूल छातीशी धरून उभी असल्यासारखी दिसते. आवाजात ढिम्म फरक नाही. आता माझं ठरलंय. यांच्या ऑफिसातला एकजण मोठा अ‍ॅम्प विकतोय. कमरेएवढा आहे, वजन विचारू नकोस. तो पाठीमागे ठेवते आणि हॉलच्या भिंती हलवते.

कारणही आहे. पुढच्या महिन्यात अग्निशमन केंद्राच्या समारंभात दंतवैद्यांनी मला एका गाण्यात सोळा मात्रा एकटीला दिल्या आहेत. ड्रम वाजवणाऱ्याला बेसची कदर असते, ती अशी. मास्तरांनी मात्र कीबोर्डवरून असं तोंड केलं की जणू मी त्यांच्या गणिताच्या वर्गात नापास झालेय. माझ्या त्या सोळा मात्रा लोकांना ऐकू जायला हव्यात. बाकी काही नको. अ‍ॅम्पबद्दल लगेच कळव.

तुझी,
ताई

१२ ऑगस्ट

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचलं, तेही बसूनच. अ‍ॅम्प घेऊ नकोस. तुझी कंबर आधीच बोलते, तिच्या तोंडी आणखी शब्द कशाला घालायचे? शिवाय छोट्या हॉलमध्ये पाठीमागे अ‍ॅम्प ठेवला की सगळा गोंगाट होतो. आपल्या बँडची पद्धतच आहे की सगळं मिक्सरमधून जाऊ द्यायचं. मिक्सर मास्तर बघतात, त्यांना बघू दे. तू त्याच्या वाटेला जाऊ नकोस, ते चिडतात.

भाऊजींना सांग की हॉल रिकामा असला की आवाज घुमत राहतो, म्हणून तसं वाटतं. तारा पुन्हा एकदा बदलून बघ, या खेपेला गुळगुळीत वेटोळ्यांच्या घे.

आणि ताई, राग मानू नकोस, पण त्या सोळा मात्रांचा हट्ट सोड ना. बेसवाल्याचं काम म्हणजे घराचा पाया. तो कुणी बघायला येतं का? मी सहा वर्षं वाजवलं, एकदाही एकट्याने वाजवलं नाही. काय अडलं माझं?

इकडे कामाचा ताण आहे. एका इमारतीची लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर अडली आणि आतल्या बाईंनी मलाच शिव्या घातल्या. तुझी आठवण झाली. माया असू दे.

तुझा,
भोंग्या

८ सप्टेंबर

भोंग्या,

आशीर्वाद देण्यासारखं काही तू केलेलं नाहीस.

तुझं ऐकून मी अ‍ॅम्प घेतला नाही. गुळगुळीत तारा लावल्या. काल अग्निशमन केंद्रात सोळा मात्रांची वेळ आली, मी एक पाऊल पुढे टाकलं, आणि त्या नादात माझ्याच वायरीवर पाय पडून ती गिटारमधून निघाली. माझ्या पायाशी असलेला स्पीकर ठप्प. मी दोन्ही हात तारांवरून उचलले. आणि हॉलमध्ये बेस चालू! ऐकतोयस ना? मी हात वर धरून उभी, आणि बेस चालू. सोळाच्या सोळा मात्रा झाल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या, माझ्याकडे बघून. मी वळून पाहिलं तर मास्तरांचा डावा हात कीबोर्डवर चालला होता आणि डोळे छतावर लागले होते.

मध्यंतर होताच मी मिक्सरपाशी गेले. माझी वायर चार नंबरला जाते. चार नंबरची ती वरखाली सरकणारी कळ अगदी तळाला होती, आणि हलू नये म्हणून तिच्यावर चिकटपट्टी लावलेली होती. पट्टी कडेला पिवळी पडलीय. तिच्यावर काळ्या शाईने दोन शब्द लिहिलेत: ताई बंद.

अक्षर कुणाचं हे मी विचारलं नाही. बोट धरून ते गिरवायला मी शिकवलंय. तुझ्या ‘द’ला आजही शेपटी उलटी असते.

मास्तरांना विचारलं. त्यांनी थंडपणे सांगितलं की तूच जाताना बजावून गेला होतास: ताईचा आवाज फक्त तिच्या पायाशी सोडायचा, हॉलला द्यायचा नाही, बेस कीबोर्डच्या डाव्या हाताने भरून काढायचा, आणि तू सांगशील तेव्हा कळ उघडायची. तू कधी सांगितलंच नाहीस, म्हणून त्यांनी उघडली नाही. दंतवैद्यांनी शपथ घेतली की त्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं. माझी दाढ काढताना दुखणार नाही म्हणाले होते, तेव्हाचं त्यांचं खोटं तोंड मला माहीत आहे. कालचं तोंड खरं होतं.

अरे, तारा काय बदलायला लावतोस? पेटी काय घ्यायला लावतोस? बाहुली होते का मी, हातात गिटार देऊन उभी करायला? मी उगाच यांना झाडलं, आणि यांचंच खरं होतं! दर शनिवारी घरातलं सगळं आटपून मी धावत सुटायचे, कशासाठी, मास्तरांच्या डाव्या हाताला सोबत म्हणून? तुला एक फोन करायचा होता. एक. त्याऐवजी तू मला पानंच्या पानं सल्ले लिहीत बसलास.

उत्तर दे. गुळमुळीत लिहिलंस तर पत्र परत पाठवीन.

ताई

१४ सप्टेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

चिकटपट्टी मीच लावली.

तुझ्या पहिल्या कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी सरावात तुझी गाडी तीनदा रुळावरून घसरली. मास्तर मला बाजूला घेऊन म्हणाले की हिला घेता येणार नाही, दुसरा माणूस बघू. मला तुझं तोंड डोळ्यांसमोर आलं. तू दोन महिने जेवायचं टेबलसुद्धा बोटांनी वाजवत होतीस. मग मीच मधला मार्ग काढला. एका कार्यक्रमापुरता. तू स्थिरावलीस की उघडायची. मी इकडे आलो, नवं ऑफिस, नवं घर, विसरून गेलो. शप्पथ विसरलो.

फेब्रुवारीत तुझं पहिलं पत्र आलं, आवाज पोचत नाही म्हणून, तेव्हा आठवलं. तेव्हा लगेच सांगायला हवं होतं. पण तोवर चार महिने झाले होते. कसं सांगू, हे ठरेना, म्हणून तारांचं लिहिलं. मग पेटीचं. प्रत्येक वेळी वाटायचं, मास्तर आपणहून उघडतील. घाबरट आहे मी, ताई. लिफ्टच्या दोरखंडाला लटकताना घाबरत नाही, तुला घाबरतो.

पण थोडं मलाही बोलू दे. तू मला सतरा गोष्टी विचारल्यास, तारा कुठल्या, पट्टा केवढा. तू कशी वाजवतेस हे एकदाही विचारलं नाहीस. विचारलं असतंस तर मला खरं बोलावं लागलं असतं. आणि खरं हे आहे की मला माहीत नाही. दंतवैद्यांना फक्त ड्रम ऐकू येतात, मास्तर स्वतःचंच ऐकतात. अकरा महिने तू कशी वाजवतेस हे तुझ्याशिवाय जगात कुणालाच माहीत नाही. हे माझ्यामुळे झालं. लिहितानाही लाज वाटते.

रजा टाकून येऊ का? मास्तरांना तुझ्यासमोर सांगतो. हवं तर सगळ्यांसमोर कान धर माझा. फक्त बँड सोडू नकोस.

अपराधी,
भोंग्या

६ ऑक्टोबर

चि. भोंग्यास,
आशीर्वाद, पण निम्मेच.

येऊ नकोस. तू आलास की मी विरघळेन आणि मला अजून बरेच दिवस चिडायचं आहे. विसरलास ते मी समजू शकते. आठवल्यावर सात महिने गप्प बसलास, ते नाही.

बँड सोडते कसली! सोडायचा तर त्यांनी सोडावा. शनिवारी सरावाला गेले, चिकटपट्टी नखाने सोलून काढली आणि कळ वर सरकवली. मास्तरांना सांगितलं की यापुढे डावा हात खिशात ठेवलात तरी चालेल. ते म्हणाले, याने बँडची अब्रू जाईल. मी म्हटलं, माझी अकरा महिने जातच होती, आता जरा तुमची जाऊ दे. दंतवैद्य ड्रममागे खाली वाकून हसत होते. अ‍ॅम्पही घेतला. तुझा सल्ला न विचारता. हे आणि शेजारी मिळून दोन जिने चढवताना कण्हत होते.

काल नर्सिंग कॉलेजच्या सभागृहात कार्यक्रम झाला. पहिलं गाणं सुरू झालं आणि माझं पहिलं बोट तारेवर पडलं, तेव्हा पायाखालची फळी थरथरली. पुढचे दोन सूर मी वाजवले की देवाने, ठाऊक नाही. मग जमलं. बरं जमलं. आणि मधल्या संथ गाण्यात, जिथे सगळे थांबतात आणि फक्त बेस खाली उतरतो, तिथे मी तारेवरचं एक घर चुकले. सपशेल चुकले. सभागृहभर तो बेसूर घुमला. पोरींनी माना वर केल्या. मास्तरांनी डोळे मिटले. तू म्हणशील ते खरं, तितकीशी चांगली वाजवत नाही मी अजून.

कार्यक्रम संपल्यावर वायरी गुंडाळत होते, तर मागच्या रांगेतून एक वयस्कर परिचारिका तरातरा चालत आली. कपाळाला आठ्या. मला म्हणाली की बाई, त्या हळू गाण्यात तुमची जाड गिटार चुकली, दात आंबल्यासारखं झालं, पुढच्या वेळी नीट सराव करून या.

भोंग्या, मी तिचे दोन्ही हात धरले आणि सोडेचना. ती घाबरून मैत्रिणीला हाका मारायला लागली.

ताई