शकूचं घड्याळ आणि माझी बाकीची मिळकत

मी, महेंद्र कुंडलिक हिरोळे, वय ६९, राहणार डोंबिवली पूर्व, एसटीच्या खोपट डेपोतून मेकॅनिक म्हणून निवृत्त, हे मृत्युपत्र कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे, स्वतःच्या अकलेने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. पत्नी शकू गेल्या वर्षी वारली. तेव्हापासून मला कशाचंच काही वाटत नाही. डॉक्टरांनी ते विचारलं नाही.

१. राहता फ्लॅट व बँकेतली ठेव मुलगा रवींद्र यास. स्वयंपाकघरातला नळ गळतो.

२. चावीची जुनी घड्याळं, नग एकसष्ट. जुन्या बाजारातून आणि भंगारातून जमवून मी दुरुस्त केलेली. एकही भारी नाही, पण सगळी चालू आहेत. रवींद्रला आवड नाही. मागेल त्याला एकेक द्यावं. सगळी एकालाच देऊ नयेत, तो एकाचे पार्ट काढून दुसऱ्याला लावेल. मीही तेच केलं.

३. भिंग, चिमटे, बारीक पेचकस ही हत्यारं स्टेशनजवळच्या पोपट घड्याळवाल्याला. तीस वर्षं मी सोसायटीभर सांगत फिरलो की पोपट घड्याळं बिघडवतो. ते खोटं होतं.

४. शकूचं घड्याळ. लग्नात मी दिलेलं, लहानसं, सोनेरी. ते मागे पडायचं. ती म्हणायची, "अहो, माझं बघा ना जरा." मी म्हणायचो, "रविवारी बघतो." रविवारी मी जुन्या बाजारात असायचो.

ती गेल्यावर ते घरात मिळेना. शकूच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी, वंदना झाल्यावर भंतेजी गेले तेव्हा, मी सून प्रीतीला सगळ्यांसमोर विचारलं, कारण आजारपणात शकूचं कपाट तीच उघडायची. ती म्हणाली, "बाबा, आईंचं घड्याळ मी कशाला घेऊ?" मी म्हणालो, "मग पर्स दाखव." तिने पर्स चटईवर उलटी केली. रुमाल, पास, शकूच्या गोळ्यांची चिठ्ठी. त्याच संध्याकाळी ती आणि रवींद्र बाळकुमला आपल्या घरी गेले. परत आले नाहीत.

तीन आठवड्यांनी पोपट एक कागदी पाकीट घेऊन आला. वर शकूचं नाव. "वहिनींनी दुरुस्तीला टाकलेलं, भाऊ. बोललेल्या, ह्यांना सांगू नका, वाईट वाटेल." घड्याळजी दुरुस्तीची तारीख मागच्या झाकणाच्या आत कोरून ठेवतात. मी झाकण उघडलं. पोपटच्या हातच्या सात तारखा होत्या. माझी एकही नव्हती.

घड्याळ घेऊन बाळकुमला गेलो. प्रीतीने चहा दिला आणि म्हणाली, "नको बाबा. हातात घातलं की ती पर्सच आठवणार."

सबब, हे घड्याळ प्रीतीचंच आहे, तिने घेतलं तरी आणि नाही घेतलं तरी. मी आहे तोवर रोज सकाळी त्याला चावी देईन. नंतर ते पोपटकडे ठेवावं, पाकिटावर तिचं नाव लिहून. तिने काही घेतलं नव्हतं. चूक माझी होती. माझी मला लाज वाटते. तेवढंच वाटतं.

साक्षीदार म्हणून त्या दिवशी चटईवर बसलेल्या दोघांनाच बोलावलं. सही करण्याआधी शेजारच्या विमलाबाई म्हणाल्या, "भाऊ, हे आम्हाला काय वाचून दाखवताय? तिच्यासमोर वाचा." म्हणून सह्या घरी केल्या नाहीत. तिघं प्रीतीच्या घरी गेलो आणि पहिल्यापासून मोठ्याने वाचलं.

साक्षीदार:
१. विमलाबाई गोपाळ सोनकांबळे, शेजारी (सही)
२. जगन कुंडलिक हिरोळे, धाकटा भाऊ (सही)

लिहून देणार: महेंद्र कुंडलिक हिरोळे (सही)

दिनांक: रविवार, ९ नोव्हेंबर २०२५
ठिकाण: बाळकुम, ठाणे. आधी लिहिलेलं 'डोंबिवली' मीच खोडलं आहे. घड्याळ प्रीतीने घेतलं नाही. सहीला पेन तिने दिलं.